वाचकांचे प्रश्न : ग्रिड, स्नॅप आणि उड्या मारणारा कर्सर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे संगणकावरच्या आरेखनातील ग्रिड आणि स्नॅप या दोन सोयींभोवतीच फिरत असल्यामुळे यावेळचे सदर त्यांनाच दिले आहे. बहुतेक वाचक ऑटोकॅड हे आरेखनाचे सॉफ्टवेअर वापरत असल्याने कळा आणि आज्ञा त्यातल्याच सांगितल्या आहेत. लिब्रेकॅडसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये कळा वेगळ्या असल्या, तरी ग्रिड आणि स्नॅप तिथेही आहेत आणि त्यांच्यामागचा विचार तोच आहे.

प्रश्न : मी ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम शिकते. काल घरी काम करताना कर्सर अचानक उड्या मारू लागला आणि हव्या त्या जागी थांबेना. मी ग्रिड बंद केले तरी फरक पडला नाही. माऊस खराब झाला असेल का? (एक विद्यार्थिनी, अक्कलकोट रस्ता)

माऊस चांगला आहे. आपला हात चुकून एफ ९ या कळीवर पडला असावा आणि स्नॅप चालू झाले असावे. एफ ९ पुन्हा एकदा दाबा, म्हणजे कर्सर पूर्ववत सरकू लागेल.

ग्रिड बंद करूनही उपयोग का झाला नाही, हे मात्र नीट समजून घ्यावे, कारण शिकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. ग्रिड म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या रेघा किंवा ठिपके. ते फक्त डोळ्यांना अंदाज देते आणि एफ ७ या कळीने दिसते किंवा लपते. स्नॅप दिसत नाही, पण कर्सरला ठरावीक अंतरावरच्या बिंदूंवरच पाऊल टाकायला लावते. या दोघांची अंतरे वेगवेगळी ठेवता येतात, म्हणून ग्रिड लपवले तरी स्नॅप आपले काम करतच राहते, आणि उलट ग्रिड डोळ्यांसमोर असूनही स्नॅप बंद असेल, तर रेघ ग्रिडच्या रेषेवर टेकल्यासारखी दिसते पण प्रत्यक्षात टेकलेली नसते. दुसरा प्रकार अधिक घातक आहे. पहिल्यात त्रास लगेच जाणवतो. दुसऱ्यात तो काही आठवड्यांनी साइटवर जाणवतो.

यात तिसरी गोष्ट मिसळू देऊ नये, ती म्हणजे एफ ३ या कळीवरचे ऑब्जेक्ट स्नॅप. ते आधी काढलेल्या रेषेचे टोक, मध्य, छेदबिंदू अशा जागा पकडते. त्याचा ग्रिडशी काही संबंध नाही. दोन्ही चालू असतील आणि कर्सर एखाद्या टोकाजवळ गेला, तर टोक पकडले जाते. मापे कीबोर्डवरून लिहिली, तर लिहिलेला आकडाच धरला जातो, स्नॅप मध्ये येत नाही.

आणखी एक बाब. स्नॅप चालू आहे की बंद आणि त्याचे अंतर किती, हे त्या त्या फाइलमध्ये साठवले जाते. त्यामुळे मैत्रिणीने पाठवलेली फाइल उघडताच कर्सर उडू लागला आणि आपल्या फाइलमध्ये तो सरळ चालला, तर त्यात नवल नाही.

प्रश्न : घराचा प्लॅन मिलिमीटरमध्ये काढताना स्नॅपचे अंतर किती ठेवावे? आमच्याकडे ९ इंची भिंत २३० आणि साडेचार इंची भिंत ११५ धरतात, म्हणून मी ५ ठेवले, पण स्नॅप असून नसल्यासारखे वाटते. (एका वास्तुविशारदांच्या कार्यालयातील ड्राफ्ट्समन, सात रस्ता)

आपला हिशेब बरोबर आहे. ११५ आणि २३० या दोघांनाही ५ ने भाग जातो. अडचण पडद्याची आहे. समजा, १२ मीटर रुंदीचा प्लॅन आपण पडदाभर उघडला आहे आणि पडद्यावर आडवे १९२० बिंदू आहेत. १२,००० मिलिमीटर भागिले १९२०, म्हणजे पडद्याचा एक बिंदू सव्वासहा मिलिमीटरचा झाला. आपले स्नॅप त्याहूनही बारीक असल्यामुळे कर्सर ५-५ मिलिमीटरने सरकतो आहे हे डोळ्यांना दिसूच शकत नाही, आणि आपण ३००० वर क्लिक केले असे समजत असताना ते २९९० वर किंवा ३०१० वर पडते. अशा चुकीचे अंतर नेमके ५ च्या पटीत असल्यामुळे ते खरे माप वाटते, आणि म्हणूनच ती चूक पुढे लवकर सापडत नाही.

माझा स्वतःचा क्रम असा आहे. सुरुवातीला स्नॅप १०० ठेवतो आणि ग्रिडही १०० ठेवतो. (इमारतीच्या मापांचा मूळ मॉड्यूल १०० मिलिमीटर मानलेला आहे, आणि १९० बाय ९० बाय ९० ची मॉड्यूलर वीट सांध्यासह २००, १००, १०० मध्ये बसते ती त्याच हिशेबाने.) या जाळ्यावर कॉलमच्या किंवा भिंतींच्या सेंटर लाइन, म्हणजे मध्यरेषा, टाकतो. त्या पूर्ण झाल्या की स्नॅप बंद करून ऑफसेट या, ठरावीक अंतरावर समांतर रेघ काढणाऱ्या आज्ञेत दोन्ही बाजूंना ११५ लिहितो, म्हणजे २३० ची भिंत तयार होते. ११५ च्या भिंतीसाठी ५७.५ लिहितो. भिंतीच्या कडा जाळ्यावर बसत नाहीत आणि त्या बसाव्यात असा आग्रहही नको, कारण त्या लिहिलेल्या आकड्यातून आलेल्या असतात. घरमालकाला खोली आतून ३००० हवी असेल, तर दोन्हीकडे २३० च्या भिंती धरून सेंटर ते सेंटर ३२३० होते. तिथे १०० चे स्नॅप पोहोचत नाही. तो आकडा सरळ टाइप करावा. स्नॅप वारंवार येणाऱ्या समान अंतरांसाठी आहे, प्रत्येक मापासाठी नाही.

ज्यांना मापे जाळ्यापेक्षा आधीच्या बिंदूपासून मोजायला हवी असतात, त्यांच्यासाठी पोलर स्नॅप अधिक सोयीचे पडते. कमांड लाइनवर डी आणि एस ही दोन अक्षरे टाइप करून एंटर दाबले की ड्राफ्टिंग सेटिंग्जची खिडकी उघडते. तिच्यात स्नॅपचा प्रकार पोलर स्नॅप निवडून अंतर ५० द्यावे आणि एफ ९ व एफ १० (रेघ ठरावीक कोनांवर धरणारे पोलर ट्रॅकिंग) दोन्ही चालू ठेवावे. मग शेवटच्या बिंदूपासून रेघ ५०-५० ने वाढते, सुरुवातीचा बिंदू जाळ्यावर असो वा नसो.

एक सावधगिरी सर्वांसाठी. पडद्यावरचे चौकोन मोजून अंतर काढू नये. प्लॅन लहान करून पाहिला की सॉफ्टवेअर ग्रिड विरळ करते, अन्यथा सगळा पडदा रेघांनी भरून जाईल. त्यामुळे १०० चे ग्रिड ठेवलेले असले, तरी त्या क्षणी दिसणारा एक चौकोन १०० चाच असेल असे नाही.

प्रश्न : तीन खोल्यांची मापे प्रत्येकी ३००० दाखवली जातात, पण एकूण लांबी ९००० ऐवजी ८९९९ येते. सॉफ्टवेअरचा दोष आहे का? शिवाय एका खोलीत हॅच (बंद जागेत भरायच्या रेघांची नक्षी) बसतच नाही. (एक तरुण अभियंता, जुळे सोलापूर)

या पत्राने मला माझे जुने दिवस आठवले. मी ज्या कार्यालयात नकाशे काढत असे, तिथून गेलेल्या एका बंगल्याच्या प्लॅनवर हीच गोष्ट झाली होती. लाइनआउटच्या, म्हणजे जमिनीवर प्लॅन आखण्याच्या दिवशी चुना, सुतळी, खुंट्या सगळे तयार होते, आणि मिस्त्रींनी टेप हातात धरून फोन केला, "साहेब, नऊ हजार धरू की आठ हजार नऊशे नव्याण्णव?" एका मिलिमीटरने बांधकाम बिघडत नाही, प्लास्टरमध्ये त्याहून अधिक फरक जिरतो. पण ज्या नकाशाची बेरीज जुळत नाही, त्यातला दुसरा कोणता आकडा खरा मानायचा, असा मिस्त्रींच्या मनात प्रश्न उभा राहिला, आणि प्रत्येक माप पुन्हा विचारून घेण्यात त्यांची सकाळ गेली. त्यांचे काही चुकले नव्हते.

कारण असे आहे. आपल्या खोल्या ३००० च्या नसून बहुधा २९९९.६ च्या आसपास आहेत. डायमेन्शनमध्ये, म्हणजे नकाशावर लिहून येणाऱ्या मापांत, दशांश शून्य ठेवलेले असल्यामुळे प्रत्येक माप पूर्णांकात ३००० दिसते. तिन्हींची खरी बेरीज मात्र ८९९८.८ होते आणि ती ८९९९ अशी दिसते. सॉफ्टवेअर दोन्ही वेळा खरेच सांगते आहे, फक्त पूर्णांकात सांगते आहे. या रेषा स्नॅप बंद ठेवून, ग्रिडकडे नुसते पाहून काढल्या गेल्या असाव्यात.

खात्री करण्यासाठी आधी युनिट्समध्ये दशांश चार स्थळांपर्यंत वाढवा. मग एखादी आडवी भिंत निवडून लिस्ट ही आज्ञा द्या. उघडणाऱ्या मजकुरात डेल्टा एक्स आणि डेल्टा वाय, म्हणजे रेषेच्या दोन टोकांमधला आडवा आणि उभा फरक, असे दोन आकडे दिसतील. आडव्या रेषेचा डेल्टा वाय शून्य असायला हवा. तिथे ०.३७ सारखा आकडा दिसला, तर ती रेघ आडवी नाही, आडवी दिसते एवढेच. हॅच न बसण्याचे मूळही बहुधा इथेच आहे. कोपऱ्यातली दोन टोके एकमेकांना शिवलेली नसली की सीमा बंद होत नाही. कोपरा खूप मोठा करून पाहा, फट दिसेल.

आता दुरुस्ती. स्नॅप आता चालू केल्याने जुन्या रेषा आपोआप सरळ होत नाहीत. थोड्याच रेषा असतील, तर स्नॅप चालू ठेवून त्यांची टोके ग्रिपने (रेघ निवडल्यावर दिसणाऱ्या छोट्या चौकोनाने) धरून ओढावीत, ती जाळ्याच्या बिंदूवर जाऊन बसतात. परंतु संपूर्ण प्लॅन असाच काढला गेला असेल, तर डागडुजीत वेळ घालवू नये. नवीन लेअरवर (नकाशाच्या वेगळ्या थरावर) सेंटर लाइन नव्याने टाकून भिंती पुन्हा काढाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन तासांचे काम आहे आणि जुना प्लॅन खाली दिसत असल्याने विचार पुन्हा करावा लागत नाही. दशांश स्थळे कमी करून प्रश्न झाकण्याचा मोह मात्र टाळावा.

प्रश्न : मी चादरी आणि टॉवेलांच्या नक्ष्या काढतो. वडील ग्राफच्या कागदावर काढत असत. ऑटोकॅडच्या ग्रिडवर काढलेले गोल फूल कापडावर उभट येते. आमच्या मालात इंचाला ताण्याचे (उभे) ४० आणि बाण्याचे (आडवे) ३२ धागे असतात. (एक डिझायनर, पूर्व भाग)

हा प्रश्न सोलापूरलाच पडू शकतो, आणि त्याचे उत्तर आपल्या वडिलांच्या कागदातच आहे. जेकार्डच्या, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या, नक्षीचा ग्राफ नेहमी चौरस चौकोनांचा नसतो. ताण्या-बाण्याच्या प्रमाणानुसार त्यातले चौकोन एका दिशेने लांबट असतात. ऑटोकॅडचे ग्रिड मात्र आपण बदलेपर्यंत दोन्ही दिशांना सारखे असते. त्यावर ४० घरे रुंद आणि ४० घरे उंच असे फूल काढले, तर कापडावर त्याची रुंदी ४० धाग्यांची, म्हणजे एक इंच येते, पण उंचीला ४० बाणे लागतात आणि इंचात बाणे ३२ च असल्यामुळे ती सव्वा इंच होते. आपले फूल उभट होते ते यामुळे.

म्हणून ड्राफ्टिंग सेटिंग्जच्या खिडकीत एक्स आणि वायचे अंतर समान ठेवण्याच्या चौकटीतली खूण काढून टाका, आणि एक एकक म्हणजे एक इंच धरून स्नॅप व ग्रिड दोन्हींना एक्ससाठी ०.०२५ आणि वायसाठी ०.०३१२५ द्या. पहिला आकडा एक भागिले ४०, दुसरा एक भागिले ३२. दशांश चारच स्थळे दाखवायला लावले असतील, तर दुसरा आकडा ०.०३१३ असा दिसेल. त्याने घाबरून जाऊ नये, पण खात्रीसाठी पाच स्थळे दाखवायला लावावीत. आता गोल फूल पडद्यावर गोलच काढा. त्याची घरे मोजली तर आडवी ४० आणि उभी ३२ भरतील, आणि ते कापडावरही गोल उतरेल.

ठळक रेषांबाबत एक अडचण येईल. किती रेषांनंतर एक ठळक रेषा यावी, हा आकडा ऑटोकॅडमध्ये दोन्ही दिशांना एकच देता येतो. आपल्या प्रमाणाच्या कागदावर मात्र आडव्या दिशेने १० घरांनी आणि उभ्या दिशेने ८ घरांनी मोठा चौकोन पूर्ण होतो. गंमत अशी की १० गुणिले ०.०२५ आणि ८ गुणिले ०.०३१२५ ही दोन्ही उत्तरे नेमकी पाव इंच येतात. तेव्हा वेगळ्या लेअरवर पाव इंच बाय पाव इंच चौकोनांचे जाळे ॲरेने (एकच आकृती समान अंतरावर पुन्हापुन्हा उमटवणाऱ्या आज्ञेने) काढून ठेवा आणि तो लेअर लॉक करा. वडिलांचा कागद तयार झाला.

दोन गोष्टी मनापासून सांगतो. मागावर धाग्यांची जी घनता असते, ती कापड धुऊन तयार झाल्यावर बदलते, म्हणून ४० आणि ३२ हे आकडे तयार मालावर, भिंगाखाली मोजून घ्यावेत. आणि किनार, पदक, मोराची बाह्यरेषा अशी रचना ठरवण्यापर्यंतच ऑटोकॅड वापरावे. एकेक घर भरून जेकार्डपर्यंत न्यायचे काम कापडाच्या डिझाइनसाठी केलेल्या सॉफ्टवेअरचे आहे; ते ऑटोकॅडमध्ये करू गेलात, तर फाइल जड होईल आणि डोळे जातील.

प्रश्न : आमचा दोन गुंठ्यांचा, ३३ बाय ६६ फुटांचा प्लॉट मोजणीच्या नकाशात तिरका आहे. ग्रिड सरळ आणि प्लॉट तिरका, त्यामुळे स्नॅप उपयोगी पडत नाही. प्लॉट फिरवून सरळ करू का? (एक बांधकाम व्यावसायिक, होटगी रस्ता)

प्लॉट फिरवू नका. मोजणीच्या नकाशातील सहनिर्देशक, उत्तर दिशा आणि शेजारच्या हद्दी एकमेकांशी बांधलेल्या असतात. आज प्लॉट फिरवला, तर उद्या तो परत त्याच कोनात बसवताना कोणी कुठे किती अंशांनी फिरवले याचा पत्ता लागत नाही. प्लॉटऐवजी अक्ष फिरवावेत. यूसीएस, म्हणजे आपण ठरवलेले अक्ष, ही आज्ञा देऊन तीन बिंदूंचा पर्याय घ्या. ऑब्जेक्ट स्नॅप चालू ठेवून पहिला बिंदू प्लॉटच्या एका कोपऱ्यावर, दुसरा रस्त्याच्या हद्दीच्या दुसऱ्या टोकावर आणि तिसरा प्लॉटच्या आतल्या बाजूला द्या. ग्रिड आणि स्नॅप दोन्ही हद्दीला समांतर होतील, आणि तो कोपरा शून्य-शून्य झाल्यामुळे हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या अंतरांचे आकडे थेट तिथूनच मोजता येतील. पडदाही सरळ दिसावा असे वाटत असेल, तर प्लॅन ही आज्ञा देऊन सध्याचा यूसीएस निवडा. या यूसीएसला नाव देऊन तो जतन करा, आणि फाइल दुसऱ्याला पाठवण्यापूर्वी वर्ल्ड यूसीएसवर परत या. समोरची बाजू कोनात तुटलेली असेल, तर तिच्यासाठी दुसरा यूसीएस करायला हरकत नाही.

प्रश्न : प्रिंटमध्ये ग्रिड येत नाही. काय करावे?

ग्रिड छापले जात नाही; ते फक्त पडद्यासाठी आहे. कागदावर जाळे हवेच असेल, तर वेगळ्या लेअरवर बारीक रेषा ॲरेने काढाव्यात.

प्रश्न : ग्रिड पडद्याच्या एका कोपऱ्यात इवलेसे दिसते, बाकी पडदा रिकामा.

आपली फाइल मेट्रिक टेम्प्लेटवरून सुरू झाली असून तिची मर्यादा ४२० बाय २९७, म्हणजे ए ३ कागदाएवढीच आहे, आणि आपण त्यात मिलिमीटरमध्ये घर काढत आहात. लिमिट्स ही आज्ञा देऊन वरचा उजवा कोपरा प्लॅनला पुरेल एवढा, उदाहरणार्थ ३०,०००, २०,००० असा द्यावा, किंवा ग्रिड मर्यादेबाहेरही दाखवण्याची चौकट निवडावी.

प्रश्न : पाइपिंगचे आयसोमेट्रिक (तिन्ही दिशा एकत्र दाखवणारे तिरके चित्र) काढण्यासाठी ३० अंशांच्या रेषा दर वेळी कोन टाइप करून काढाव्या लागतात का? (आयटीआयचा एक विद्यार्थी)

नाही. स्नॅपचा प्रकार आयसोमेट्रिक निवडा, एफ ८ (रेघ अक्षांच्या दिशेतच धरणारे ऑर्थो) चालू ठेवा आणि एफ ५ दाबून डावी, वरची आणि उजवी पातळी बदलत राहा. कर्सरचे आडवे-उभे हात त्या त्या पातळीप्रमाणे वळतील आणि रेघ आपोआप योग्य कोनात निघेल. या प्रकारात फक्त वायचे अंतर देता येते. पाइपचे गोल तोंड काढायला सर्कल वापरू नका. इलिप्सच्या आज्ञेत आयसोसर्कल हा पर्याय याच वेळी दिसतो, तो घ्या.

प्रश्न : आम्ही काही विद्यार्थी उत्तर कसब्यातील एका जुन्या वाड्याची मापे घेऊन नकाशा काढत आहोत. स्नॅप ५० ठेवले आहे. तीन भिंती छान बसल्या, चौथी मात्र कोपऱ्याला लागत नाही, १७० मिलिमीटरची फट राहते. मापे चुकली असतील का?

मापे बहुधा बरोबर आहेत. जुन्या दगडी वाड्याच्या खोल्या क्वचितच गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतात. भिंतींची जाडी एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरी असते. आपण टेपवर ४१२० वाचले आणि स्नॅपने ते ४१०० केले, ३७८० चे ३८०० केले, वर एफ ८ ने प्रत्येक कोपरा काटकोनात आणला. वाड्यात जे अंशाअंशाने वाकडे होते ते सगळे ढकलत ढकलत शेवटच्या कोपऱ्यात जमा झाले आणि तिथे फट म्हणून उघडे पडले. इथे स्नॅप हे चुकीचे हत्यार आहे. जे अजून बांधायचे आहे त्याला शिस्त लावण्यासाठी ते असते. जे बांधून झाले आहे त्याला आपण शिस्त लावायची नसते.

एफ ९ आणि एफ ८ दोन्ही बंद करा, एफ ३ चालू ठेवा. पुन्हा वाड्यात जाऊन प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजून आणा. भिंतींची लांबी मोजली तशीच मोजा, पण टेप ताणलेला आणि जमिनीपासून एकाच उंचीवर असू द्या. मग एक भिंत मोजलेल्या लांबीची काढा. तिच्या एका टोकावर लगतच्या भिंतीच्या लांबीचे वर्तुळ आणि दुसऱ्या टोकावर कर्णाच्या लांबीचे वर्तुळ काढा. जिथे ती छेदतात तो तिसरा कोपरा. चौथ्या कोपऱ्यासाठी याच कर्णाच्या दोन टोकांवर उरलेल्या दोन भिंतींच्या लांबीची वर्तुळे काढा आणि न वापरलेला दुसरा कर्ण पडताळणीसाठी ठेवा. तो १०-१५ मिलिमीटरच्या आत जुळला, तर काम चांगले झाले असे समजा. नाही जुळला, तर त्या खोलीचे माप परत घ्या, पण रेषा ओढून जुळवू नका. मोजलेले आकडे वर्तुळांच्या लेअरवर तसेच लिहून ठेवा आणि तो लेअर पुसू नका. पुढे त्या वाड्याची दुरुस्ती करणाऱ्याला आपल्या नकाशापेक्षा त्या आकड्यांचीच अधिक गरज लागेल.